थांबलेलं पाणी

“पाणी भरून ठेवलंय गं, पण पीतच नाही. हट्टी आहे नुसता.” फोनमधून दादाचं हे वाक्य आलं तेव्हा माझ्या हातात राखाडी रंगाच्या दोन पट्ट्या होत्या. रंगाच्या कारखान्यात माझं काम एवढंच: मंजूर झालेल्या नमुन्याची पट्टी आणि आज पिंपातून निघालेल्या रंगाची पट्टी ठरावीक दिव्यांच्या पेटीत शेजारी-शेजारी धरायची आणि दोन्ही एकच आहेत की नाहीत ते सांगायचं. फरक बहुतेकांना दिसत नाही. मला दिसतो; त्याचाच पगार मिळतो. त्या क्षणी मात्र पट्ट्यांकडे पाहूनही मला काही ठरवता येईना, कारण दादाचं वाक्य मला दोनदा ऐकू आलं होतं. एकदा आत्ता, त्याने पाळलेल्या सरड्याबद्दल. आणि एकदा त्याआधी, आईला पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा, दारात आलेल्या प्रत्येक माणसापाशी म्हटलेलं. शब्द तेच. आवाजाची पट्टीसुद्धा तीच: थोडी दमलेली, थोडी कौतुकाची, आपल्याकडून काही कमी झालं नाही हे समोरच्याने आधीच मान्य केलं आहे असं धरून चालणारी.

“बारके, ऐकतेस ना?” मी चाळिशी ओलांडली तरी त्याच्या तोंडी मी बारकीच. “डोळे खोल गेलेत साहेबांचे. दिवसासुद्धा मिटून बसतात. त्या प्राण्यांच्या डॉक्टरने टोचून पाणी दिलं आणि म्हणाला, घरी नीट बघा. आता नीट म्हणजे किती नीट? वाटी रोज घासतो मी. गाळलेलं पाणी घालतो. तू शास्त्र शिकलेली, तुला कळतं यातलं.”

“घेऊन ये,” मी म्हटलं.

“चालेल तुला? नाही म्हणजे, तुला प्राणी-बिणी...”

“दादा, घेऊन ये.”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कोण आजारी आहे. भावाचा सरडा, मी म्हटलं. “भावाला सरडा म्हणतेस की खरंच सरडा?” खरंच सरडा, मी सांगितलं. “मग बरं. खऱ्याला औषध तरी असतं.” त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि मीही हसले, जरा जास्तच, कारण मला आनंद झाला होता. तो कसला आनंद आहे हे मला पूर्ण माहीत होतं. सूड हा शब्द मी तोपर्यंत मनातसुद्धा उच्चारला नव्हता. तो नाटकातल्या माणसांचा शब्द वाटायचा. पण एखादी छटा कितीही दिवस नाव न देता ओळखता येते, तशी ती गोष्ट मी ओळखून होते. आता तिला नाव मिळालं.

संध्याकाळी तो पिंजरा दोन्ही हातांनी कवटाळून जिना चढून आला. माणसाच्या कमरेइतका उंच जाळीचा पिंजरा, आत प्लॅस्टिकची वेल, वर ऊब देणारा दिवा. दिवा उत्तम होता. दादाचं दिव्यांचंच दुकान आहे, तिथे तो चुकणार नाही. सरडा सगळ्यात खालच्या काटकीवर बसला होता. बरे असलेले वरच्या फांदीवर बसतात हे मी दुपारीच वाचून काढलं होतं. शेपटीचं वेटोळं सैल पडलं होतं, कातडीला फासळ्यांवर चुण्या होत्या आणि डोळ्यांचे ते प्रसिद्ध बुरूज, जे चहूकडे स्वतंत्र फिरतात म्हणून लोक पैसे देऊन हे जनावर विकत घेतात, ते आत ओढले गेले होते, बोटाने दाबलेल्या पिठासारखे. रंग बदलणारा प्राणी म्हणतात, पण त्याच्याजवळ त्या दिवशी बदलायला रंगच उरला नव्हता. पिंपाच्या तळाशी बसलेला गाळ असतो तसा तपकिरी. “ही बघ,” दादा म्हणाला आणि त्याने पिंजऱ्याच्या तळातून पांढरी चिनी मातीची वाटी उचलून माझ्यासमोर धरली, कोर्टात साक्षीदार उभा करावा तशी. “काठोकाठ. एक थेंब कमी होत नाही गं. समोर असून पीत नाही, त्याला मी काय करू?” त्याचे डोळे भरून आले होते. आईच्या वेळी ते कोरडे होते असं म्हणणं खोटं ठरेल; पण तेव्हा तो माणसांत उभा होता आणि आज आम्ही दोघंच होतो, एवढा फरक मी नोंदवला आणि तो मला आवडला नाही.

“तू जा. मी बोलवेन तेव्हा ये.”

“फोन तर करू ना?”

“कर.”

आईला झटका आला तो मेंदूच्या उजव्या बाजूला. हातापायांत बळ परत आलं, बोलणंही जड का होईना आलं. गेलं ते डावीकडचं जग. डोळा शाबूत होता, पण डावीकडे काही असू शकतं ही कल्पनाच पुसली गेली होती. ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं जेवायची आणि म्हणायची, झालं माझं. ताट फिरवून ठेवलं की तिला वाटायचं, पुन्हा वाढलं. केस अर्धेच विंचरायची. आम्ही हसायचो आणि तीही हसायची. का हसतोय ते कळायचं नाही, पण हसण्यात मागे राहू नये ही तिची जन्माची सवय. मी दादा-वहिनींना समोर उभं करून सांगितलं होतं: सगळं उजवीकडे. पाणी उजवीकडे, घंटी उजवीकडे, तुम्ही बोलायला बसाल तेही उजवीकडे. डावीकडे ठेवलेलं तिच्यासाठी नाहीच. वहिनीने मान डोलावली. दादा म्हणाला, “कळलं गं बाई, तास संपव आता.” मग कारखान्याने मला दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेची पेटी लावून द्यायला पाठवलं आणि त्याच दिवसांत आईच्या खोलीला ओल आली म्हणून तिथे रंग दिला गेला. रंग मीच पाठवला होता, कारखान्याच्या सवलतीत. ते मी विसरलेले नाही, आणि त्यामुळे दादाचा दोष काही कमी होतो असंही मला वाटत नाही. रंगाचा वास तिला सोसवेना, म्हणून दादाने पलंगाचं डोकं खिडकीकडे केलं. मायेनेच केलं. टेबल आठवणीने तिच्या डोक्याशी सरकवलं, वर पाण्याचा जग ठेवला. फक्त पूर्वी भिंत तिच्या डाव्या हाताला होती ती आता उजव्या हाताला आली, आणि टेबल, जग, पेला, घंटी सगळं डावीकडे गेलं. म्हणजे घरातून गेलं. दिवसभर दादा दुकानात, वहिनी नोकरीवर. दुपारी एक बाई यायची, ती भरलेला जग पाहून निघून जायची. आईने पाणी मागितलं नसेल असं नाही. मागितलं की उत्तर मिळत असणार: शेजारीच तर आहे, हात लांब कर. आणि तिने हात लांब केलाच.

हे मला कुणी सांगितलं नाही. त्या शहरातून मी थेट स्मशानातच पोचले होते; तिथून घरी आले तेव्हा पलंग रिकामा होता. बाहेरच्या खोलीत माणसं होती. मी आत जाऊन तिच्या जागेवर आडवी झाले. उजवा हात सोडला तो भिंतीला लागला. मॅट रंगाची एक खोड असते. कोरड्या हाताने पुन्हा पुन्हा घासला की तेवढा भाग चकाकू लागतो. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही, तिरकं पाहिलं तरच. आमच्या कारखान्यात हे मुद्दाम घासून तपासतात. उशीवर डोकं ठेवल्यावर भिंत तिरकीच दिसते. पलंगाच्या उंचीवर, हात पोचेल तेवढ्या जागेत, अर्धवट उघडलेल्या घडीच्या पंख्याच्या आकाराची चकाकी होती. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर, पुन्हा खाली. आंधळा माणूस कडी शोधतो तशी. आणि बाहेर दादा मावशीला सांगत होता, “पाणी भरून ठेवलेलं गं, प्यायलीच नाही. हट्टी.” मावशी म्हणाली, “लहानपणापासूनच तशी.” तेव्हापासून घरात आई हट्टी आहे. वहिनीच्या माहेरीसुद्धा ती हट्टी आहे. जन्मभर जिने कुणाला दुसऱ्यांदा काही मागितलं नाही, ती बाई स्वतःच्या हट्टाने तहानलेली मेली असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि जेवायला बसले. मी तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर ते रडणाऱ्या बहिणीचं बोलणं ठरलं असतं. लोकांनी पाठीवरून हात फिरवला असता. मला हात नको होता, मला ते वाक्य मागे घेतलेलं हवं होतं. पुढे त्याच खोलीत, त्याच भिंतीला लागून, दादाने सरड्याचा पिंजरा ठेवला, कारण तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं.

दादा गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी वाटी पुन्हा पिंजऱ्यात ठेवली. काठोकाठ भरून, सरड्याच्या अगदी समोर. मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला करायचं काहीच नव्हतं, त्यातच सगळी गंमत होती. दोन दिवसांनी मी त्याला फोन केला असता आणि म्हटलं असतं, दादा, पाणी भरून ठेवलं होतं रे, प्यायलाच नाही, हट्टी. ते वाक्य मी तोंडात घोळवून पाहिलं. चव इतकी चांगली होती की मला लाळ सुटली; हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, खरंच सुटली. मी त्याचा चेहरा रंगवत बसले. आधी विश्वास न बसणं, मग त्याच्या डोक्यात ते दोन्ही आवाज शेजारी-शेजारी धरले जाणं. आणि मग मला दिसलं की असं होणारच नाही. तो म्हणेल, “बघ, तुझ्याकडेही प्यायला नाही. म्हणजे हट्टीच होता.” त्याचं वाक्य खरं ठरेल, माझ्या सहीने. सरडा मेला तर आई दुसऱ्यांदा हट्टी ठरेल. वाटीशेजारी मेलेलं जनावर त्याच्या बाजूने बोलतं. माझ्या बाजूने बोलायचं तर ते जिवंत हवं, टुणटुणीत हवं, पाणी पिताना हवं. हे लक्षात आलं तेव्हा मी जवळजवळ धावतच बाहेर गेले आणि वाटीतलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. दयेचा यात काही संबंध नव्हता. दया नंतर आली असेल तर ती तिच्या पायांनी आली, मी बोलावली नव्हती.

त्यात अवघड असं काही नाही. हे सरडे झाडावर जगतात आणि पानांवरून ओघळणारे थेंब चाटतात. हलणारं, चकाकणारं तेच त्यांच्या लेखी पाणी. वाटीतलं पाणी हलत नाही. त्यांना ते दिसतं, पण पाणी म्हणून दिसत नाही. एवढी साधी गोष्ट, पण दादा माणूस असल्यामुळे त्याने माणसासारखं पाणी ठेवलं आणि मग वाट पाहिली. मी न्हाणीघरात स्टुलावर कुंडी ठेवली, सरड्याला पानांत बसवलं, गरम पाण्याची धार समोरच्या भिंतीवर सोडली. धार अंगावर नको. नुसती वाफ हवी. खोली धुरकट झाली. मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले आणि ड्रॉपरने पानाच्या टोकावर कोमट पाण्याचा एक थेंब सोडला. तो ओघळला, पडला. सरड्याने डोळा उघडला नाही. दुसरा. नाकाच्या टोकावर सोडला तर तो ओठांच्या कडेने घरंगळत गेला आणि हनुवटीला लोंबकळत राहिला. तोंड उघडून ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. जनावर बुडून मरतं आणि माणसाला वाटतं आपण पाजत होतो. म्हणून थेंब. आणि थेंबाथेंबामधलं थांबणं. कामावर मला थांबायची सवय आहे, रंग वाळल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नसतं. पण हे थांबणं वेगळं होतं. माझं अंग भिजलं, गुडघे आखडले आणि माझ्या मनात आलं की एवढंच करायचं होतं. पेला ओठांशी न्यायचा होता. जगाने हलून तिच्याकडे जायचं होतं, तिने जगाकडे नाही. आणि दादाबद्दलचा राग, जो इतके दिवस थंड, नीट झाकण लावून ठेवलेला होता, तो त्या वाफेत असा वर आला की ड्रॉपर नको तेवढा दाबला गेला आणि तीन थेंब एकदम पडले. त्या सांडण्यानेच पान हललं असेल. एक डोळा उघडला. बुरूज सावकाश फिरला, पानाच्या टोकाशी थांबला. तोंडाची कड किंचित हलली, आणि मग त्या जनावराने पुढे होऊन जिभेच्या टोकाने थेंब उचलला, मान वर केली आणि गिळला. गळ्याखालची पिशवी हलताना मला स्पष्ट दिसली. मी दुसरा सोडला. तो त्याने पडायच्या आत घेतला. मग तो पीत राहिला, इतका वेळ की माझा अंगठा दुखायला लागला, आणि मी मोठ्याने, रिकाम्या न्हाणीघरात, म्हटलं, “कोण हट्टी? कोण हट्टी रे?”

नंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं थोडं आहे. कामावर जाण्याआधी आणि आल्यावर वाफ, थेंब. पाणी पाजून वाढवलेले किडे चिमट्याने. त्याच्या विष्ठेत एक भाग पांढरा असावा लागतो. त्याचा आला तेव्हा नारिंगी होता, गंजासारखा, म्हणजे तहानलेलं शरीर उरलंसुरलं पाणी धरून बसलेलं. मी रोज तो रंग पाही, खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात. नारिंगीचा पिवळा झाला, पिवळ्याचा सायीसारखा, आणि एका सकाळी तो पांढरा होता, असा की मी त्याला मंजुरी दिली असती. कातडीच्या चुण्या भरून आल्या. तो वरच्या फांदीवर चढला. तिथे त्याने हिरवा काढला, आधी भितरा, पोपटी, मग गर्द, आणि बाजूंना निळसर ठिपके. एक डोळा माझ्यावर ठेवून दुसऱ्याने तो खिडकीतली माशी बघत असे. आईला अर्धं जग नव्हतं आणि याला दीड होतं. मला त्याचा लळा लागला नाही. त्याला माझा लागणं तर शक्यच नव्हतं, आणि हा आमच्या संबंधातला स्वच्छ भाग होता.

दादा रोज फोन करी. “साहेब काय म्हणतात? आमची आठवण काढतात का?”

“तो बोलत नाही.”

“तुझ्याकडे राहून कोण बोलेल!” हसून झाल्यावर आवाज खाली यायचा. “जगेल ना गं?”

“बघू.” जगणार हे मला तोवर कळलं होतं. मी ते त्याला मुद्दाम सांगत नव्हते.

एकदा वहिनीने फोन घेतला. “अगं, हे धड जेवत नाहीत त्याच्यापायी. दुकानात जाऊन नुसते बसतात. आईंच्या वेळी किती धीराने घेतलं होतं यांनी!” ती हे चांगल्या मनाने म्हणाली, वहिनी सगळं चांगल्या मनानेच म्हणते. मी ते जपून ठेवलं. माझं वाक्य एव्हाना तयार होत आलं होतं. कामावर जाताना मी ते घडवी, पुसे, पुन्हा घडवी. एका रूपात मी ओरडत होते. ते मी रद्द केलं. एका रूपात भिंतीवरची चकाकी होती; तीही काढली, कारण ती माझी होती, त्याला का द्यायची. शेवटी अगदी लहान वाक्य उरलं: आईचंही असंच झालं. दादा सरड्याला पाणी पिताना बघेल, खूश होईल, आणि मी हे म्हणेन. मग तो उरलेला जन्म काय करेल ते त्याने बघावं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्याला बोलावलं. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, हातात खोकं. “नवीन वाटी आणलीय,” दम खात म्हणाला. “काचेची. उथळ आहे, रुंद आहे, त्याला सोपी जाईल.” मी खोकं घेऊन बाजूला ठेवलं. पिंजऱ्यातला हिरवा पाहून तो जागीच थबकला. “अरे वा, अरे वा, साहेब,” एवढंच म्हणत राहिला. मग मी कुंडी खिडकीत ठेवली, सरड्याला पानांत सोडलं आणि ड्रॉपर भरला.

“वाटी नको,” मी म्हटलं. “त्याला वाटीतलं पाणी दिसत नाही.”

“दिसत नाही? डोळे बिघडलेत?”

“डोळे चांगले आहेत. समोर असलं तरी ते पाणी आहे हे त्याला कळत नाही. त्याच्यासाठी ते नाहीच.”

हे मी सरड्याबद्दलच बोलत होते, शब्दकोशासारख्या कोरड्या आवाजात. थेंब सोडला. जीभ आली. दादा बघत होता. दुसरा, तिसरा. चौथ्याला त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कुठेतरी अडकला.

“म्हणजे तो इतके दिवस त्या वाटीशेजारी...”

“हो.”

“तहानलेला?”

“हो.”

“आणि मी म्हणत होतो, हट्टी.” तो हे माझ्याशी बोलला नाही. खाली स्टूल होतं, त्यावर बसला. उजवा हात गुडघ्यावर होता. त्याने तो उचलला, थोडा लांब केला, हवेतच, आणि त्याच्याकडे बघत राहिला. माझं वाक्य जिभेवर होतं. आता म्हणायचं होतं. पण ते म्हणायची गरज संपली होती. ते त्याच्या आत, माझ्या मदतीशिवाय, पोचलं होतं. मी ड्रॉपर त्याच्या हातात दिला.

“हे रोज करायचं. सकाळी आणि संध्याकाळी. तूच करायचं, वहिनीकडे द्यायचं नाही. पानाच्या टोकाला एक थेंब. तो घेईपर्यंत थांबायचं. मग पुढचा.”

“किती दिवस?”

“जगेल तोवर.”

त्याने थेंब सोडला. त्याच्या जाड बोटांना ते जमेना, पहिले दोन सांडले, तिसरा पानाला लटकला आणि सरड्याने तो घेतला. दादाचे खांदे हलले. “बारके,” तो म्हणाला. “तू सांगितलं होतंस. उजवीकडे. मी तो पलंग...”

“शू,” मी म्हटलं. “तो पितोय तोवर बोलायचं नाही. बिचकतो.”

त्याने ओठ मिटले. सरड्याला बाहेरचा कान नसतो. माणसाचं बोलणं त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. दादाला हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. तो एकेक थेंब सोडत राहिला, नाकातून श्वास घेत, गाल ओले, आणि ते जनावर एका डोळ्याने थेंबाकडे आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघत पीत राहिलं. ड्रॉपर रिकामा झाला तेव्हा दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आता बोलू का, अशा नजरेने. मी तो त्याच्या हातातून घेतला, भरला, आणि परत दिला.